मिरगाच्या आत

सोप्यातल्या खुर्चीवर बसा म्हटलं तरी ते गृहस्थ बसले नाहीत. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरी टोपी, पायातलं कापशी पायताण उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेलं. त्यांचा मुलगा आणि सून एजंटाच्या मागनं वरच्या खोल्या बघायला गेले. म्हातारबांनी एकदा तुळयांकडं बघितलं, एकदा जिन्याकडं, आणि मग सरळ भिंतीशी उकिडवे बसले. भिंत नुकतीच रंगवलेली, पिवळसर पांढरी, अजून वास न गेलेली. त्यांनी फरशीच्या वर चार बोटं जागा धरून अंगठ्याच्या नखानं खरवडलं, नखात आलेली भुकटी चिमटीत घेतली आणि जिभेच्या शेंड्याला लावली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. त्यांनी वर बघितलं. ओशाळणं वगैरे काही नाही, नुसतं बघितलं. "लोणा हाय," म्हणाले. मग उठून चहा घेतला, आलं छान लागतंय म्हणाले, मंडळींना हाक मारली आणि गेले.

घर घेतलं नाही त्यांनी. त्याचं काही नाही, त्यांच्या आधी येऊन गेलेल्यांनीही घेतलं नव्हतं. पण ज्या भिंतीला टेकून आई दुपारभर शेंगा फोडायची, तिची चव एक परका माणूस घेऊन गेला आणि मला ती ठाऊकच नव्हती, हे काही केल्या डोक्यातून जाईना. रात्री दादा त्याच्या फ्लॅटवर गेल्यावर मी त्याच जागी जाऊन बसले आणि नखानं खरवडलं. खारट. आणि मागनं जराशी कडू.

शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला उतरत जाणाऱ्या बोळात आमचं घर. खाली काळ्या दगडाचा पाया, वर भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, मधे सोपा, मागं न्हाणी आणि हातभर परडं. २०२१ च्या पुरानंतर दादानं आर. के. नगरला फ्लॅट घेतला. आई मात्र हललीच नाही. ती गेली, घराला कुलूप लागलं, आणि वर्षभरात दादा म्हणाला, आता काढून टाकू. मी पुण्याहून आले ते "घर दाखवण्यासारखं करायला". एजंट दादाच्या तालमीतलाच. त्यानं आल्या आल्या मुदत घालून दिली. "ताई, मिरगाच्या आत व्यवहार झाला पायजे. एकदा का पाऊस लागला की ह्या पेठेतलं घर बघायला कोण येत न्हाई. आलंच तर छत्री झाडत येतंय आणि पयला प्रश्न पाण्याचा." त्याच्याकडं सगळ्याचं वेळापत्रक होतं. रविवारी आणि बुधवारी गिऱ्हाईक आणणार नाही, कारण त्या दिवशी अख्ख्या गल्लीत मटण शिजतं आणि घेणारा शाकाहारी असला तर बोळाच्या तोंडालाच नाक धरतो. सकाळी साडेनऊ ते अकरा ही चांगली वेळ, तेव्हा सोप्यात ऊन येतं. संध्याकाळी नको. संध्याकाळी डास.

त्याची पहिली सूचना फोटोंची. सोप्यातल्या भिंतीवर आजोबा, आजी, बाबा आणि आता आई, चौघं चंदनाचे हार घालून ओळीनं. एजंट त्यांच्याकडं बघत हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाला वाटलं पायजे हितं आपली माणसं राहणार. हितं तर तुमचीच बसल्यात." त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. फोटो काढले आणि भिंतीवर चार चौकोन उघडे पडले, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ. आजोबांचा सगळ्यात मोठा, आईचा जेमतेम दिसेल न दिसेल इतका. ते चौकोन झाकायचे म्हणून भिंत रंगवायची ठरली, एक भिंत रंगवली तर बाकीच्या कळकट दिसतील म्हणून सगळा सोपा, आणि सोप्यानंतर जिना. बाजारात दिसणाऱ्या नव्या रंगाच्या निम्म्या घरांची गोष्ट अशी फोटोंपासूनच सुरू होत असणार असं मला आता वाटतं.

मग चटणी. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटात आईच्या चटणीची बरणी चाळीसएक वर्षं एकाच जागी. दर उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, गच्चीवर वाळवायच्या, मसाले भाजायचे, डंकावर कांडून आणायची. कांडून आणलेल्या दिवशी रिक्षावाला शिंकत यायचा. बरणी उचलली, फळी साबणानं घासली, लिंबू चोळलं, सोडा लावला, कपाट उन्हात उघडं ठेवलं. दार लावून परत उघडलं की वास हजर. लसूण, सुकं खोबरं, आणि मिरचीचा तो घशाशी येणारा तिखटपणा. फळीच बदलू या असं एजंट म्हणाला. मी म्हटलं, कोल्हापुरात घर घ्यायला आलेल्या माणसाला चटणीचा वास चालत नसेल तर त्यानं दुसरं गाव बघावं. ही एकच लढाई मी जिंकले.

बाकी सगळं झालं. न्हाणीतला नळ झाला. ह्या नळाखाली आई कायम तांब्या ठेवायची, रात्री तो टपटप वाजायचा, सकाळी तेच पाणी तुळशीला. "एक वायसर आणा कुणीतरी," हे तिचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. प्लंबर आला, चहा गार व्हायच्या आत वायसर बदलून गेला. जिन्याची तिसरी पायरी, जी डगमगते म्हणून आम्ही सगळे तिच्यावर पाय न देता चढायचो, ती सुताराने दोन खिळ्यांत बसवली. मी अजूनही तिच्यावर पाय देत नाही. वरच्या खिडकीची कडी, माजघरातली मेलेली ट्यूबलाइट, परड्यातल्या दाराचं बिजागर. अनोळखी माणसं पाच मिनिटं येऊन बघून जाणार म्हणून आम्ही जे केलं, ते त्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईसाठी करायला कुणाला सवड मिळाली नव्हती.

ह्यावर दादा काही बोलला नाही. मीही नाही.

रंगाऱ्याला गल्लीत सगळे मामा म्हणतात. मामांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर टिचकी मारून सांगितलं होतं, "ह्यावर प्लास्टिक पेंट टिकणार न्हाई. आमी मारतो, तुमी पैसं देता, पण टिकणार न्हाई." बाबांनी केव्हातरी हौसेनं ह्या भेंड्याच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला. पायातली ओल भिंतीतून वर चढते, येताना माती-विटांतले क्षार घेऊन येते. वरनं चुना असेल तर ओल सुटून जाते, पोपडे आले तर झाडून पुन्हा चुना मारायचा, दिवाळीचं काम. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट आला की ओल कोंडते, पाणी कसंबसं उडून जातं आणि मीठ रंगाच्या पाठीमागं साठत राहतं, फुगतं, शेवटी रंगालाच बाहेर ढकलतं. त्यात दोनदा हे घर दिवसच्या दिवस पाण्यात उभं राहिलेलं. भिंती प्यायच्या तेवढं प्यायल्या. मामांनी पोपडे खरवडले, ब्रशनं झाडलं, लांबी भरली, प्रायमर मारला आणि दोन हात दिले. भिंत अशी गुळगुळीत झाली की मला तिथं कुणाच्या तरी दवाखान्यात आल्यासारखं वाटायला लागलं. आणि इतकं करूनही त्या म्हातारबांच्या नखाला मीठ सापडलंच.

माजघराच्या चौकटीवर पुराच्या रेघा होत्या. २००५ ची बाबांनी पेन्सिलीनं मारलेली, बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख. २०१९ चीही त्यांचीच, तिच्यापेक्षा बरीच वर, पण हात कापायला लागल्यावरची, त्यामुळं वाकडी. २०२१ ची दादानं मारली, तारीख लिहिली नाही. शेवटच्या दोन रेघा जवळजवळ आणि माझ्या छातीला लागणाऱ्या. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या पेठांत पावसाळ्यात एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "बंधाऱ्याला किती?" विचारतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आई मात्र इशाऱ्याची वाट बघायची नाही. पस्तीस-छत्तीसलाच गहू-तांदूळ माळ्यावर, गाद्या वर, फ्रिज टेबलावर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ह्याची बातमी ती सासरच्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तशी ऐकायची. २०१९ ला शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला आणि मी पुण्यात टीव्हीसमोर बसून राहिले. आई शेजारच्या काकूंबरोबर होडीतून बाहेर पडली, पिशवीत देव, दोघींच्या बीपीच्या गोळ्या आणि चटणीचा एक डबा.

मामांनी चौकटीला तेलरंगाचा डबा उघडला आणि विचारलं, "ह्यावर मारू?" दादा म्हणाला, मार. एजंट म्हणाला, मारायचाच की. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी मी काय सांगणार होते? घर विकायला काढून दारातच पुराचं मोजमाप टांगून ठेवणारी बाई शहाणी म्हणता येणार नाही. मामांनी चॉकलेटी रंगाचे लांब लांब पट्टे ओढले. २००५ पहिल्या हातात गेलं. दादाची रेघ बॉलपेननं कोरून मारलेली, ती दोन हात देऊनही तिरप्या उजेडात दिसायची.

रेघा झाकल्या, पण बटणांचं काय करणार?

२०१९ नंतर दादानं घरातलं सगळं वायरिंग वर उचललं. मीटर वर, बोर्ड वर, प्लग वर. मिक्सर लावायचा तर हात डोक्याच्या वर न्यायचा. आई स्टुलावर चढून मोबाइल चार्जिंगला लावायची आणि फोन वाजला की तिथंच उभ्यानं बोलायची. आम्हाला ते इतकं सवयीचं की दिसेनासंच झालेलं. पण रिकाम्या, रंगवलेल्या घरात नजर आधी तिथंच जाते. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडणारच, प्लग एवढे उंच का? आणि हा प्रश्न ज्याला पडला त्याला उत्तरही लगेच मिळतं. एजंटाच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यानं वायरमनला बोलावलं, म्हणाला, दोन-चार बोर्ड खाली घेऊन टाक, नेहमीच्या उंचीला. वायरमन पोरगाच, तिशीचाही नसेल. त्यानं भिंतीकडं बघितलं, एजंटाकडं बघितलं, पक्कड पिशवीत टाकली. "मी खाली घेणार न्हाई. उद्या पाणी आलं आन कोण चिकटलं, तर ते माझ्या नावावर." एजंट म्हणाला, अरे, मेन स्विच बंद करतीलच की. "करत न्हाईत," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. जाण्यायेण्याचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. त्या महिनाभरात घरात आलेल्या सगळ्या कारागिरांत एकट्यानं नाही म्हटलं, आणि तेही आमच्यासाठी नाही, अजून न आलेल्या कुणासाठी तरी.

गिऱ्हाइकं येत राहिली. एक जोडपं मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन आलं. सोप्यात उत्तर एकीकडं, लोखंडी कपाटाजवळ दुसरीकडं, शेवटी नवराबायकोचंच त्यावरून वाजलं. एक जण यात्री निवास काढायचं म्हणत होता, अंबाबाईचं देऊळ चालत किती मिनिटं एवढंच त्यानं विचारलं, आणि खोल्यांत किती कॉट बसतील ते पावलांनी मोजलं. जाहिरातीसाठी एजंटाच्या पोरानं कोपऱ्यात उकिडवं बसून असे फोटो काढले की सोप्याचा हॉल झाला आणि परड्याची बाग. त्याखाली लिहिलं, "पंचगंगा घाट चालत दहा मिनिटांवर". खरं होतं. घाट आपल्याकडं चालत यायलाही तेवढाच वेळ लागतो, ते कशाला लिहायचं. जे जास्त चौकस होते ते निळी रेषा, लाल रेषा विचारायचे. पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची लाल. कागदावर हे ठीक आहे. आमच्या चौकटीवर दोन वर्षांच्या अंतरानं दोन रेघा होत्या, शंभर वर्षांचा हिशेब त्यांना कुणी सांगितला नव्हता.

आणि मग एक बिल्डर आला. शर्ट खोचलेला, हातात टेप. त्यानं आत पाऊल टाकलं नाही. बोळातनं दर्शनी रुंदी मोजली, प्रॉपर्टी कार्डावरचे चौरस मीटर विचारले, हिशेब केला. मी म्हटलं, आत बघून घ्या ना, सगळं नवं केलंय. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, घराचे काय धरायचे? पैसे जागेचे. घर तर आम्ही पाडणार. उलट पाडायचा खर्च तुमच्याकडूनच वजा करणार." दादा गप्प झाला. मी त्या नव्या रंगाच्या डब्यांकडं बघितलं, अर्धा लिटर उरलेला होता, झाकण घट्ट लावून ठेवलेला. वडगावच्या बाजारात बैल न्यायचा म्हटलं की शिंगं रंगवतात, झूल घालतात, घेणारा मात्र ओठ वर करून दात मोजतो. आम्ही महिनाभर शिंगंच रंगवत होतो.

दात मोजायची जागा शेजारी होती. हे मला उशिरा कळलं, एजंटाला बहुतेक पहिल्यापासून ठाऊक असावं. येणारा प्रत्येक गिऱ्हाईक आमच्याकडनं बाहेर पडला की बोळाच्या तोंडाशी थांबायचा. तिथं काकू कट्ट्यावर बसलेल्या, मांडीवर सूप, तांदळात बोटं. "पाणी येतंय का हो मावशी?" असं विचारायचे. मी खिडकीतनं ऐकलं एकदा. काकू म्हणाल्या, "येतंय की. मी काय खोटं सांगणार न्हाई. दोनदा छातीएवढं आलंय. पर माणसं चांगली हायती गल्लीतली. मी मेलो असतो त्या वक्ताला, पोरांनी उचलून नेलं." रात्री मी त्यांना म्हटलं, काकू, असं कशाला सांगता? त्या शांतपणानं म्हणाल्या, "मग काय सांगू? उद्या शेजारी ते येणार, तू न्हाईस. पयल्याच पावसाला माझ्या दारात येऊन विचारतील, काकू, सांगितलं का न्हाईसा? तोंड दाखवायचं कसं?" त्यांच्यापुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. शेजार ही त्यांची मिळकत, आणि ती त्यांना विकायची नव्हती.

घर तयार झालं होतं, कागद मात्र झालेले नव्हते. प्रॉपर्टी कार्डावर बाबांबरोबर आत्याचंही नाव. आजोबा गेले तेव्हाची वारस नोंद. आत्या हयातभर म्हणत आली, "मला काय नको, माझं माहेर राहू दे." पण तोंडानं सोडलेला हक्क कायद्यात सुटत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, आणि ते करायच्या आतच ती गेली. आता तिची तिन्ही मुलं आली. बाबांनंतर आई, दादा, ताई, मी. आई गेल्यावर आम्ही तिघं. एजंट म्हणाला, "सातबारा असो का कार्ड असो, गिऱ्हाइकाला एक नाव बघायला बरं वाटतंय. सगळ्यांचं हक्कसोड करून घ्या, दादांच्या एकट्याच्या नावावर आणा, टायटल क्लिअर." कार्डावरनं नावं काढायची हेही त्याच्या लेखी फोटो उतरवण्याइतकंच साधं होतं. ताई गडहिंग्लजहून आली होती ती सही करायला तयारच. तिच्या सासरी नणंदांनी अशाच सह्या केल्या, साडी नेसून गेल्या, अजून दिवाळीला येतात. साडी कुठल्या दुकानातनं घ्यायची ह्यावरही दादा-वहिनींचं बोलणं झालेलं मला कळलं.

१९५६ च्या कायद्यानं मुलीला बापाच्या स्वतःच्या कमाईत वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जितातही दिला. २००५ म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना पूरच आठवतो. मला साडी नको होती, आणि खरं सांगायचं तर पैशासाठीही भांडायचं नव्हतं. पण ह्या घराच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा लागणार होतं ते ते पुसण्यासाठी, हे मला सहन होईना. मी म्हटलं, हक्कसोड कशाला? सगळेच वारस खरेदीपत्रावर लिहून देणार म्हणून सह्या करू. कायद्यानं तेवढंच चोख आहे. एजंट म्हणाला, सात सह्या बघून गिऱ्हाईक बिचकतं. दादा उठून परड्यात गेला. तिथनं बराच वेळ नव्या बिजागराचं दार उघडझाप करायचा आवाज येत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "होऊ दे तुझं तसं." त्यात राग किती आणि सुटका किती, ते मला अजून लागलेलं नाही. पैसे पुढं कसे वाटले ते इथं लिहीत नाही, तो आमच्या घरातला मामला.

शेवटी घर घेतलं ते गंगावेशीतल्या एका दूधवाल्यांनी. दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन उभं राहणारं जुनं घराणं, दोन बोळ पलीकडं राहणारं. ते घर बघायला आलेच नाहीत. म्हणजे आले, पण सोप्यात बसले, चहा घेतला, वर चढले नाहीत, भिंतीला हात लावला नाही. २०१९ ला काकूंना आणि आईला होडीत घेणाऱ्या पोरांत हे होते, तेव्हा खिडकीतनं आत शिरून त्यांनी हे घर बघितलेलंच होतं. खाली दूध-दह्याचं दुकान काढायचं, वर पोराचा संसार. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. घरफाळा भरलाय का, आणि बहिणी खुशीनं सही करणार का. दुसरं विचारताना ते दादाकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

साठेखताच्या वेळी मी वकिलांना एक वाक्य घालायला सांगितलं, पुराचं. ते म्हणाले, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहेच, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही असा दोष विकणाऱ्यानं सांगायला हवा. पण कोल्हापुरातला पूर कुणाला कळत नाही? गरज काय? मी म्हटलं, असू दे. दादानं कपाळाला हात लावला. तरी वाक्य टाइप झालं. सदर मिळकतीत २००५, २०१९ व २०२१ साली महापुराचे पाणी आले होते, याची लिहून घेणार यांना पूर्ण कल्पना आहे. दूधवाल्यांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि हसायलाच लागले. "ताई, ह्ये लिवलं न्हाई तरी चाललं असतं. भाव काय उगंच एवढ्यावर आलाय व्हय?" मग कागद वकिलांकडं सरकवून म्हणाले, "लिवायचंच असंल तर दुसरं लिवा. ते वरचं प्लग हायती न्हवं, ते तसंच पायजेत. जाताना काढून नेऊ नगासा. लई शानपणाचं काम केलंय कुणीतरी."

वकिलांनी तेही घातलं, विद्युत फिटिंग जागच्या जागी, असं. दादा त्या महिन्यात पहिल्यांदा मोकळा हसला, म्हणाला, मी केलंय ते. इसाराचा चेक टेबलावर आला. मग दादा, ताई, मी, आणि आत्याची तिन्ही मुलं, सगळ्यांनी ओळीनं सह्या केल्या. सातवी सही म्हणून एजंट ज्याला घाबरत होता ती घेणाऱ्याचीच निघाली. मिरगाला अजून आठवडा होता.